दिलेलं लेकरू

मंजुषानं एकदा दिलेली वस्तू परत घेतली, असं डोंगरकडा गावात कुणी पाहिलेलं नाही. शेजारच्या अमिनाबीनं लेकीच्या लग्नात तिचं मोठं पातेलं मागून नेलं होतं. मंजुषा म्हणाली, राहू द्या तुमच्याकडंच, लेकीबाळीचं घर आहे, लागतं. अमिनाबीला वाटलं, बोलायची पद्धत असते. लग्न उरकल्यावर ती पातेलं घासूनपुसून घेऊन आली, तर ही दारात आडवी. "दिलं ना एकदा? मंग परत काहून आणलं?" दोघी ओट्यावर पार हमरीतुमरीवर आल्या, आणि पातेलं शेवटी अमिनाबीच्या घरी गेलं. अशा बाईला लोक तोंडावर दिलदार म्हणतात आणि पाठीमागं येडी. खरं सांगायचं तर ती हट्टी होती, आणि स्वतःच्या हट्टाला ती शब्द म्हणायची. पातेल्यापर्यंत हे सगळं गमतीचंच होतं.

तिचा नवरा वैजनाथ केळी लावायचा. त्याचा थोरला भाऊ विश्वंभर शिकून कॅनडाला गेला, तिथंच नोकरीला लागला. त्याची बायको निलम वसमतची. दोघांना मूल नव्हतं. दवाखाने झाले, दोनदा पोटातलं गेलं, मग निलमनं त्या विषयावर बोलणंच सोडलं. एका दिवाळीत दोघं गावी आले, तेव्हा मंजुषाचा धाकटा रुद्र नुकता रांगायला लागला होता. निलमनं सगळी दिवाळी त्याला खाली ठेवलं नाही. जायच्या दिवशी तिनं त्याला मंजुषाच्या मांडीवर दिलं, जीपपर्यंत गेली, आणि चप्पल विसरल्याचं निमित्त करून परत आली. चप्पल तिच्या पायात होती.

मंजुषानं त्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाली, "ताई, लेकरू ठेवा तुमाला."

सासू आशाबाई परात हातात धरून तशीच उभी राहिली. वैजनाथ म्हणाला, "काय बोलून राहिलीस तू?"

"बोलले ते बोलले. मला तायडी हाय."

तायडी म्हणजे तिची थोरली लेक. वैजनाथनं तिला मागच्या खोलीत नेऊन समजावलं, आशाबाई रागावली, निलम स्वतः हात जोडून नको म्हणाली. पण नको म्हणताना तिनं रुद्रला पुन्हा उचललं होतं, आणि ते मंजुषाला दिसत होतं. विमानाची तिकिटं पुढं ढकलली गेली. भटजी आले, भावकी जमली, निलमची ओटी भरून तिच्या ओटीत रुद्रला घातलं, गावात साखर वाटली. कळमनुरीला जाऊन स्टॅम्पपेपर झाला. आता महिन्या-दोन महिन्यांत व्हिसा होईल आणि आपण लेकराला न्यायला येऊ, असं सांगून विश्वंभर आणि निलम गेले.

सगळ्यांना वाटलं, दत्तक झालं. मंजुषाला तर ते साखर वाटली तेव्हाच झालेलं होतं, व्हिसा ही नुसती नेण्याआणण्याची बाब. आणि इथंच तिनं ते केलं जे दुसऱ्या कुठल्या बाईनं केलं नसतं. रुद्र अंगावर पीत होता. ती त्याला पाजायची आणि म्हणायची, दूध माझं, लेकरू त्यांचं. पुढं एके दिवशी ती भाकरी थापत असताना तो तिच्या पदराला धरून उभा राहिला आणि पहिल्यांदा स्पष्ट "आई" म्हणाला. तिनं पिठाच्या हातानं त्याची हनुवटी धरली, तोंड भिंतीवरच्या निलमच्या फोटोकडं वळवलं.

"आई ती. मी काकू."

तव्यावरची भाकरी करपली. धुरानं डोळ्यात पाणी आलं, असं तिनं आशाबाईला सांगितलं. त्याच्या गालावर पीठ तसंच राहिलं होतं, ते तिनं संध्याकाळी पुसलं.

व्हिसावाल्यांनी स्टॅम्पपेपर परत पाठवला. वैजनाथ आणि मंजुषा हिंगोलीला बाल संरक्षण कार्यालयात गेले, तिथल्या पुनम मॅडमनी कागद उलटसुलट पाहून सांगितलं, "हे तुमचं गावातलं दत्तक. परदेशात न्यायचं तर याचा उपयोग नाही. पहिल्यापासून सुरू करावं लागेल." सुरू केलं. तिकडच्या संस्थेनं विश्वंभरचं घर पाहून अहवाल लिहायचा, तो दिल्लीला जायचा, दिल्लीहून हिंगोलीला, हिंगोलीहून मॅडम डोंगरकड्याला, आणि मग हे सगळं आल्या वाटेनं उलटं. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीनं हातानं लिहिलेला, तो चालेना. नवा काढेपर्यंत तिकडचा अहवाल जुना झाला. तो नवा झाला तर विश्वंभरनं नोकरी बदलली, गाव बदललं, म्हणजे नवं घर आणि पुन्हा नवा अहवाल. मध्येच करोनानं सगळंच बंद पाडलं. पुढं कचेरीतले साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली, त्यात त्यांचीही काही चूक नव्हती. नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या एसटीचे कंडक्टर आता मंजुषाला विचारायचे, "झालं का हो वहिनी पोराचं?" ती म्हणायची, "होऊन राहिलं."

या सगळ्यात रुद्र चालायला लागला, बोलायला लागला, बालवाडीत गेला. दर रविवारी निलमचा व्हिडिओ कॉल यायचा. तो फोन घेऊन ओट्यावर बसायचा आणि आईला दाखवायचा, हे वासरू, ही माझी पाटी, ही काकू. एकाच घरात तायडी मंजुषाला आई म्हणायची आणि रुद्र काकू. गावाला आधी विचित्र वाटलं, मग सवय झाली. एकटी अमिनाबी कुरकुरायची, "ये अच्छा नई मंजू. लेकरू हाय, पातेलं न्हाई." मंजुषा ऐकून घ्यायची आणि चहा टाकायची.

रुद्रला पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा पुनम मॅडम घरी आल्या. आता नियमाप्रमाणे मुलालाही विचारावं लागणार होतं. त्यांनी त्याला ओट्यावर शेजारी बसवलं, एक चॉकलेट दिलं आणि मंजुषाकडं बोट करून विचारलं, "ही कोण तुझी?"

"काकू."

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, पोरगं लाजतंय. "आणि आई कुठंय?"

"कॅनडात. तिकडं बर्फ पडतो. मी जाणार हाय, माझी गादी बी घेतलीय आईनं."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी रुद्रला खेळायला पाठवलं आणि त्या मंजुषाकडं वळल्या. नोकरीत त्यांनी टाकलेली मुलं पाहिली होती, पळवलेली पाहिली होती. हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"तुमच्या पोटचा मुलगा तुम्हाला काकू म्हणतो?"

"दिलेलं लेकरू हाय ते, मॅडम."

"अहो, आदेश झालेला नाही अजून! उद्या नाही झालं काही, तर?"

"न व्हायला काय झालं? आमी साखर वाटलीय."

पाणी पिऊन मॅडम निघून गेल्या, जाताना मात्र उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, की निदान आई म्हणू तरी द्यायचं होतं. ते वाक्य मंजुषाला रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत टोचत राहिलं, मग तिनं ते झटकून टाकलं.

शेवटी कलेक्टर ऑफिसातून तारीख आली. आदेशाच्या आधीची शेवटची सुनावणी. विश्वंभर आणि निलम तिकडून कॉम्प्युटरवर हजर राहणार होते. रुद्रनं नवा सदरा घातला, आशाबाईनं त्याची दृष्ट काढली, तायडीनं आपला कंपास त्याला देऊन टाकला. साहेबांच्या खोलीत जाताना रुद्र वैजनाथचं बोट धरून होता आणि येईल त्या शिपायाला सांगत होता की मी कॅनडाला चाललो.

पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात विश्वंभर, एकात निलम. रुद्र ओरडला, "आई!" निलमनं हात हलवला. मग तो मंजुषाच्या कानाशी येऊन म्हणाला, "आई आज बी त्या निळ्या पडदेवाल्या खिडकीच्या घरात हाय."

मंजुषाला त्यात काही वाटलं नाही. पुनम मॅडमना वाटलं. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी पडद्याकडं, आणि साहेबांनी साधंच विचारलं, "आपण दोघं वेगवेगळ्या ठिकाणांहून बोलताय का?"

निलमनं रुद्रकडं पाहिलं. मॅडमनी शिपायाला खूण केली आणि तो रुद्रला बिस्किट द्यायला बाहेर घेऊन गेला. दार लागल्यावर निलम बोलली.

"आम्ही मागच्या उन्हाळ्यापासून वेगळे राहतो, सर. कागद पुढं सरकत होते म्हणून सांगितलं नाही. वाटलं होतं, तोवर नीट होईल आमचं. आता घटस्फोटाचा अर्ज केलाय."

विश्वंभर खाली मान घालून बसला होता. वैजनाथ खुर्चीवरून अर्धा उठला आणि "दादा," एवढंच म्हणाला.

"मला एकटीला नाही जमणार," निलम म्हणाली. "मंजुषा, ऐकतेस ना? तुझं लेकरू तुझ्याजवळच राहू दे."

मंजुषा पडद्याजवळ गेली, इतकी जवळ की निलमचं तोंड तिला नुसतं रंगीत ठिपक्यांचं दिसायला लागलं. "माझं कुठलं, ताई?" ती म्हणाली. "तुमाला दिलं ना मी?"

निलम रडायला लागली. चौकोन बंद झाला. साहेब हळू आवाजात म्हणाले की मग हा अर्ज निकाली निघेल, मूल जन्मदात्या आईवडिलांकडंच राहील, तुम्ही काळजी करू नका. बाहेर व्हरांड्यात एका कारकुनानं ऐकलं, तर तो भला माणूस म्हणाला, "अहो मग चांगलंच झालं की! पोरगं परत मिळालं. पेढे वाटा." मंजुषा भिंतीला टेकून उभी होती. पोरगं परत मिळालं, हे तिला कळत होतं. इतकी वर्षं तिनं ज्या सुखाकडं पाहायचं टाळलं होतं ते असं कुणीतरी तिच्या ओंजळीत टाकलं होतं, आणि तिला ओंजळ मिटता येईना.

एसटीत रुद्रनं विचारलं, "साहेब व्हय म्हणले का?"

वैजनाथ खिडकीबाहेर बघायला लागला. मंजुषा म्हणाली, "झोप जरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्याला समोर बसवलं. शब्द तिनं सकाळपासून जुळवले होते, ते सगळे विसरली. "रुद्र, मी तुझी आई."

तो आधी हसला. "खोटं. तू तायडीची आई."

"तुझी बी. मी तुला जन्म दिला."

"मंग तूच म्हणायचीस ना, आई ती, मी काकू? तवा खोटं बोललीस, का आता बोलून राहिलीस?"

खोटं बोलायचं नाही, हे त्या घरात मंजुषानंच पोरांना शिकवलं होतं, एकदा तर त्यापायी तायडीला चिमटाही काढला होता. रुद्रनं तिच्याकडं रागानं पाहिलं, तायडीचा कंपास उचलला आणि तो फोटोखाली जाऊन बसला. रविवारी तो नेहमीसारखा फोन घेऊन ओट्यावर गेला. फोन वाजला नाही. तो जेवायलाही उठला नाही, तिथंच फोनवर गाल टेकून झोपला. त्याला आत आणताना वैजनाथ रडला, आणि मंजुषानं नवऱ्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. आपण दिलं ते एकटीचं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. फार उशिरा आलं.

अमिनाबी आली. टोमणा मारायला तिला जागा होती, पण तिनं मारला नाही. मंजुषाचा हात हातात घेऊन म्हणाली, "घे गं मंजू. या बार तरी परत घे."

"मी तर घेऊन राहिले, अमिनाबी," मंजुषा म्हणाली. "ते येईना."

फाईल बंद करायच्या आधी पुनम मॅडम शेवटच्या भेटीला आल्या. मुलाचं म्हणणं लिहून घ्यायचं होतं. त्याच ओट्यावर त्यांनी रुद्रला शेजारी बसवलं. तो वाळला होता. मंजुषा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गेले काही दिवस तो तिच्या कुशीत झोपायला लागला होता. काल आजारी वासराला पाणी पाजताना त्यानं तिला नुसतंच "ए" म्हणून हाक मारली होती, काकू म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर ती आशा धरून होती.

"रुद्र, तुला कुणाकडं राहायचंय बाळा?"

त्यानं मागं वळून मंजुषाकडं नीट पाहिलं.

"काकूकडं," तो म्हणाला. "आई येईपर्यंत."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून मंजुषाला विचारलं, "मी नुसतं 'आईकडं' असं लिहू का? कागदाला तेवढं पुरे."

मंजुषानं पदरानं तोंड पुसलं.

"न्हाई मॅडम. तो म्हणला तसंच लिवा," ती म्हणाली. "पोरगं खोटं बोलत न्हाई."