यंदा हाडं गोठणार म्हणे!

थंडीच्या भाकितांचे किस्से मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत. ते आपोआप साठत गेले. दिवाळीचे फटाके संपले, की आमच्या सकाळी फिरणाऱ्या ग्रुपवर थंडी सुरू होते. बाहेर येवो न येवो, मोबाइलवर येतेच! बुलढाणा घाटावरचं गाव, थंडी आम्हाला नवीन नाही. पण हल्ली ती आधी व्हिडिओत पडते.

ग्रुपमध्ये आम्ही चौघं. वानखडे सर, जन्मभर भूगोल शिकवलेले. गजानन, कपड्यांचा दुकानवाला. शेषराव, एसटीतून रिटायर होऊन शेडनेटमध्ये टोमॅटो लावणारा. आणि मी, पोस्टातला.

*

एका साली व्हिडिओ आला, 'विदर्भ गोठणार!' मागे पांढरंशुभ्र बर्फ, त्यात उभी झाडं.

सरांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "गजानन, हे देवदाराचं झाड आहे. आपल्या जिल्ह्यात हे कुठं पाह्यलं तुनं?"

गजानन म्हणाला, "सर, झाड सोडा न! थंडी पाहा!"

*

गजाननने थंडी पाहिलीच. दुकानात स्वेटर, मफलर, कानटोप्या छतापर्यंत रचल्या. बाहेर बोर्ड लावला, 'महाथंडी स्पेशल'.

मार्गशीर्ष आला, पंखे बंद होईनात. मग आभाळ भरलं आणि अवकाळी सुरू झाला. त्या पावसात एक गिऱ्हाईक धावत दुकानात शिरलं. गजानन खुशीत उठला. गिऱ्हाइकाने डोकं पुसत विचारलं, "भाऊ, रेनकोट आहे काय?"

*

शेषरावचं हसण्यासारखं नव्हतं. 'दव गोठणार, पिकं जळणार' असं एका व्हिडिओवाल्याने महिनाभर आधीच सांगून ठेवलेलं. त्याने शेडनेटला चारही बाजूंनी प्लास्टिक बांधलं आणि रोज वाट पाहत बसला. थंडी आली नाही. आत मात्र दमट उकाडा कोंडला आणि झाडांवर करपा आला. पानं काळी पडली, फळं सडली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो प्लास्टिक सोडत होता. त्याची बायको बांधावर बसून म्हणाली, "थंडीनं मेलं असतं तं निदान थंडीले शिव्या देता आल्या असत्या!"

पुढच्या वर्षी त्याने मोबाइलकडे पाहिलंच नाही. आणि त्याच वर्षी, कुणी न सांगता, अशी थंडी पडली की रोपं जागेवर जळाली. शेषरावने चिडून तो व्हिडिओवाला शोधून काढला. तो उन्हाळ्यावर पोचला होता. 'यंदा होरपळणार!'

*

आता सरांचं.

सरांची आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला धाकट्या मुलाकडे, विनायककडे गेली होती. दिवाळीनंतर परत यायचं ठरलं होतं. तेवढ्यात मोबाइलवर 'शतकातली सर्वांत मोठी थंडी' आली. विनायकने फोन केला, "दादा, आईला दमा आहे. घाटावरची थंडी तिला झेपणार नाही. संक्रांतीनंतर पाठवतो."

सर आम्हाला म्हणाले, "सगळं थोतांड आहे रे." मग थोडं चालून थांबले. "पण एखाद्या वेळी खरं निघालं तर?"

आई रोज फोन करायची. एकदा स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकलं. "भास्कर, मले घेऊन जाय रे बाबा. थंडी काय मले नवी आहे काय? इथं बोलाले कोणी नाही. सकाळपासून भिंत पाहून राह्यली मी."

"आई, थोडे दिवस अजून," सर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. नंतर तिने घरी न्यायचं नाव काढलं नाही. जेवलास का एवढंच विचारायची.

त्या वर्षी आम्ही हिवाळाभर नुसत्या शर्टावर फिरलो.

पौषात आई पुण्यातच गेली. झोपेत. विनायक तिला अँब्युलन्समधून घेऊन आला, तेव्हा दुपार झाली होती. अंगणात ऊन असं, की माणसं सावली शोधून उभी होती. विनायक खाली उतरला. अंगात जाड जॅकेट, गळ्यात मफलर, डोक्यावर कानटोपी. कपाळावरून घाम ओघळत होता. सर पायरीवर बसून होते. उठलेच नाहीत.

शेजारच्या नर्मदाकाकू, आईच्या जन्माच्या मैत्रीण, काठी टेकत पुढे आल्या. आईचा चेहरा डोळे भरून पाहिला. तिच्या गालावरून हात फिरवला. मग विनायककडे वर पाहून त्यांनी अगदी मायेनं विचारलं,

"विनायका, पुण्याले लय थंडी होती काय रे?"