मला कळंना झालंय

सेलूच्या स्टेशनवर आबांनी, म्हणजे वडलांनी, माझी बॅग गाडीत ढकलली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. मेंढरं चुलत्याच्या हवाली करून ते आमच्या बोरी गावाहून मला सोडायला आले होते. गाडी हलली तसे म्हणाले, "बाई, समजलं न्हाई तर इचारायचं. तोंड धरून बसू नको."

बोरीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघालेल्यांनो, मी तोंड धरूनच बसले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, वर्कशॉपच्या पहिल्याच तासाला मी "पेचकस द्या" म्हणाले आणि शेजारची मुलं हसली. त्यांच्याकडे तो स्क्रू ड्रायव्हर होता. वाईट मनानं हसली नसतील. पण तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून बघते. मेकॅनिकलचं काही कळलं नाही तरी मान हलवते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. विचारलं तर, ही इथं चुकून आलीय, असं वाटेल सगळ्यांना.

यंदा एका शाळेत दर शनिवारी नववीला रोबोटिक्स शिकवायचं काम मिळालं. ते मला फार हवं होतं. कोणाला काही शिकवता आलं, तर मी इथली आहे हे कदाचित मलाच पटेल. पण काही आठवड्यांनी मुख्याध्यापिका बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. "आज बघते. वर्ग ठेवायचा की नाही, ते मग ठरवू."

त्या दिवशी दोन मोटारींची छोटी गाडी फरशीवरच्या काळ्या पट्टीवरून चालवून दाखवायची होती. वायरी मीच नीटनेटक्या जोडल्या होत्या, लालला लाल, काळीला काळी. बटण दाबलं. गाडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

"ताई, हिला चक्कर आली," पहिल्या बाकावरची ईशा म्हणाली. वर्ग हसला.

मी बॅटरी काढून परत घातली. प्रोग्राम पुन्हा टाकला. गाडी फिरतच होती. बाईंनी घड्याळ पाहिलं. पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना, आणि तोंडातून निघून गेलं, "मला कळंना झालंय. तुमीच बघा बरं, असं का करायलीय ही."

मला वाटलं, संपलं.

ईशा उठली आणि गाडी उलटी धरून बघू लागली. "ताई, एका मोटारीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. दोघींना सारखंच जोडलंय, म्हणून एक चाक पुढं जायलंय, एक मागं."

आमच्याकडचं 'जायलंय' तिनं चिडवायला म्हटलं की सहज, कळलं नाही. पण तिचं बरोबर होतं. एका मोटारीच्या वायरींची अदलाबदल करायला हवी होती. मी हात पुढं केला. "पेचकस दे."

तिनं दिला.

गाडी पट्टीवरून सरळ गेली. बाई जाताना म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपासून रोबोटिक्सच्या कपाटाची किल्ली शिपायाकडून तुम्हीच घेत जा."

संध्याकाळी आबांना फोन करून गाडीचं सांगितलं. "कसली गाडी म्हनायलीस?"

"वाट हुडकून आपली आपण चालती, आबा."

"मेंढरापरीस शहाणी हाय म्हन की. चारा बी लागत न्हाई."

मग मी सांगितलं, आज मला येईना झालं होतं, आणि मी विचारलं. "पोरांला इचारलं?"

"हो."

"बरं केलं."

घर म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. 'मला कळंना' असं म्हटल्यावरही जिथून कोणी उठवत नाही, ती जागा असावी. आजवर अशी जागा मला बोरीतच माहीत होती.