उरलेला डावा कान

आमच्याकडे बहिरेपण आईकडून आलं. तिला चाळिशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं, मला पंचेचाळिशी उलटल्यावर. मी मुलुंडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने काही विचारलं, मी भलतंच उत्तर दिलं आणि सगळा वर्ग हसला. मग कानात मशीन आलं, नंतर त्याहून जोरकस मशीन आलं. आवाज मोठा व्हायचा, पण शब्द उलगडायचे नाहीत. शाळेने मला वर्गावरून काढून वाचनालयात बसवलं.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी मला समोर बसवून, ओठ दिसतील असं सावकाश समजावलं. "मशीन नुसता आवाज वाढवतं. तुमच्या कानाच्या आतल्या पेशीच गेल्यात, मग वाढवून काय होणार? इम्प्लांटमध्ये आत एक बारीक तार बसवतात. बाहेरचा भाग आवाज पकडतो आणि ती तार तो थेट कानाच्या नसेपर्यंत पोचवते. पण ते आपलं नेहमीचं ऐकणं नसतं, मेंदूला नव्याने शिकावं लागतं. आणि त्या कानात जे थोडं उरलंय, ते ऑपरेशनमध्ये जाऊ शकतं."

नवऱ्याने यातलं किती मनावर घेतलं कोण जाणे. त्याने मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले होते. यंत्र सुरू होतं आणि एखादी बाई तोंडावर हात ठेवून आनंदाने रडते, असे. "करून टाकू या गं," तो म्हणाला. उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. जखम भरायला काही आठवडे गेले, तोवर तो कान पूर्ण बंद होता.

यंत्र सुरू करायच्या दिवशी तो मोबाइल धरूनच उभा राहिला. बाईंनी कानामागे यंत्र लावलं, त्याची चुंबकाची चकती डोक्यावर चटकन चिकटली. नवऱ्याचे ओठ हलले. मला जे आलं ते स्टीलच्या डब्यात चमचा ढवळल्यासारखं होतं. मग बाई बोलल्या. तोच डबा, तोच चमचा. पुरुष कोण, बाई कोण, काही कळेना. मला रडू आलं, आणि ते त्या व्हिडिओतलं रडू नव्हतं. त्याने हळूच मोबाइल खाली केला.

"पहिल्या दिवशी असंच होतं," बाईंनी कागदावर लिहून दाखवलं.

घरी रोज सराव. तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरून शब्द म्हणायचा आणि मी ओळखायचे. हात की भात, पाय की साय. सगळं चुकायचं. तो न कंटाळता पुन्हा म्हणायचा, त्याचाच मला राग यायचा. एक दिवस मी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्याला म्हटलं, "बास झालं. मला नाही जमत."

दुसऱ्या दिवशी आईकडे कांजूरमार्गला गेले. आम्ही दोघी एकमेकींचे ओठ वाचून बोलतो, बघणाऱ्याला गंमत वाटते. तिला डबा-चमच्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आवाज येता, पण माणूस कळना नाय. असाच ना गो?"

माझ्या घरात इतक्या दिवसांत कुणी हे इतकं नेमकं म्हटलं नव्हतं. मी मान हलवली.

"म्हणान मी माझा मशीन कपाटात टाकलंय. पण माझ्याशी आता बोलता कोण? सून ताट ठेवता नि जाता. तू तसा करू नको."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, भाजी निवडता निवडता सांगितलं. मी तिचं ताट, तिची भिंतीकडची खुर्ची पाहिली आणि घाबरले. घरी येऊन यंत्र पुन्हा लावलं.

पुढे हळूहळू डब्यातून शब्द सुटे व्हायला लागले. आधी आकडे, मग घरातली नेहमीची वाक्यं. एकदा मी ओट्याशी पाठमोरी, खाली मान घालून भाजी चिरत असताना नवरा म्हणाला, "दूध उतू जातंय." मी न वळता गॅस बंद केला. तो लहान मुलासारखा टाळ्या वाजवत आला. आज शांत खोलीत मला बहुतेक सगळं समजतं. लग्नात, हॉटेलात अजून नुसता कल्लोळ असतो. वर्गावर काही मी परत गेले नाही.

मागच्या तपासणीला बाईंनी विचारलं, "डाव्या कानाचाही विचार करू या का? दोन्हींनी जास्त फायदा होतो." नवरा लगेच हो म्हणाला. मी नाही म्हटलं.

घरी आल्यावर त्याने कारण विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. उजव्या कानाने त्याचे शब्द येतात, पण तो आवाज त्याचा नाही. डाव्या कानात जुनं मशीन घालून तो अगदी जवळ बोलला, तर शब्द कळत नाहीत, पण त्याचा खर्जातला आवाज अजून थोडासा येतो. तेवढा आवाज मला घालवायचा नाही.

"म्हणजे आत्ता बोलतोय तो मी नाही?"

"तूच आहेस रे. पण आवाज तुझा नाही."

एवढा सराव ज्याने करून घेतला, त्याला हे ऐकावं लागलं. तो उठून बाल्कनीत जाऊन बसला. बाई म्हणतात, डाव्यातलं असंही हळूहळू जाणारच आहे. जितका उशीर, तितकं शिकणं जड. ते मला पटतंही. तरी दवाखान्यातून दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा मी पुढची तारीख मागून घेतली. नवरा आता त्यावर काही बोलत नाही. हल्ली तो एकूणच कमी बोलतो.