तात्यांची चालण्याची टेस्ट

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की दुसऱ्याच एखाद्या पेशंटचं सांगायचो. आता वय झालं, खरं ते लिहून ठेवतो.

नारायणगावजवळ माझं छोटं हॉस्पिटल होतं. मी फिजिशियन. बेल्ह्याकडचे बबनतात्या माझे जुने पेशंट. सत्तरी ओलांडली तरी रोज मेंढरांमागे. चढावर छाती भरून यायला लागली म्हणून अँजिओग्राफी केली, तर तीन रक्तवाहिन्या बंद होत आलेल्या. बायपास हवी होती. पुण्याच्या सर्जननी फोनवर विचारलं, "सर, अंगात ताकद किती आहे? ऑपरेशन आम्ही करू. पण अशक्त माणूस नंतर अंथरुणातून उठत नाही."

ते कळायला एक साधी टेस्ट असते. पेशंटला सहा मिनिटं सपाट जागेवर, झेपेल तितकं भरभर चालवायचं आणि अंतर मोजायचं. तपासणाऱ्यानं मात्र पेशंटसोबत चालायचं नाही.

मी चाललो. तात्यांशी गप्पा मारायला मला आवडायचं. माझा गुडघा तेव्हा दुखत होता, म्हणून मी लंगडत. तात्या एका आजारी कोकराचं सांगत माझ्या अर्धं पाऊल मागे. अंतर फारच कमी भरलं. मी रिपोर्ट दिला: अशक्त, जोखीम मोठी.

"मग औषधांवरच ठेवू," सर्जन म्हणाले.

काही आठवड्यांतच तात्यांना अटॅक आला. वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. आयसीयूबाहेर त्यांच्या पत्नी सोनाबाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, अशक्त म्हून आपरेशन न्हाई केलं म्हनं? आवो, ह्यांच्यासंगं चालताना माजा जीव जातोय!"

मी आत गेलो. "तात्या, टेस्टला हळू का चाललात?"

"तुमी लंगडत व्हता. डॉक्टरला मागं टाकून म्होरं जायला मी काय येडाय का?"

मला हसू आलं. मग माझ्या रिपोर्टचं काय झालं ते लक्षात आलं आणि मी त्यांच्याच कॉटवर बसलो.

ते सावरल्यावर पुन्हा टेस्ट घेतली. या वेळी मी स्टुलावर. दुखावलेल्या हृदयानिशीही तात्या पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त चालले.

"सर, एवढी सुधारणा?" सर्जननी विचारलं.

"व्यायाम करून घेतला," मी म्हणालो.

बायपास चांगली झाली. पण डोंगर चढणं गेलं ते गेलंच. मेंढरं विकावी लागली. तरी बाजारात भेटले की तात्या चारचौघांत म्हणायचे, "ह्यांनी वाचिवलं राव मला! लई देवमानूस." मी तोंड उघडेपर्यंत ते चहा सांगून मोकळे.

धडा म्हणाल तर एवढाच: पेशंटवर जीव असावा, पण टेस्ट घेताना डॉक्टरनं बसून राहावं.

गेल्या वर्षी तात्या गेले. दहाव्याला सोनाबाईंनी मला पुढे बसवलं आणि भावकीला सांगितलं, "ह्यांच्यामुळं एवढी वर्सं मिळाली." मी बोलायला उभा राहिलो. 'तात्या, ती टेस्ट माझ्यामुळं चुकली, मला माफ करा,' एवढं म्हणायचं होतं. पण नुसते हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, डॉक्टर हळवे झालेत.