माशी स्वच्छ दिसली पाहिजे

वागळे इस्टेटमधल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमचा एअर पिस्तूलचा सराव चालतो. माझ्या शेजारच्या जागेवर साठीच्या एक बाई येतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या चष्म्याची उजवी काच फक्त हातभर अंतरावरचं स्पष्ट दिसेल अशी बनवून घेतलेली आहे. डाव्या काचेवर लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवलेला असतो आणि त्यावरचा अर्धा गणपती आमच्याकडे बघत असतो.

"डावा डोळा मिटू नका, नुसता झाका. मिटलात की चेहरा ताणतो," त्या मला सांगतात. "आणि समोरच्या नेमाच्या कार्डाकडे काय बघताय? नळीच्या टोकावरची माशी बघा. ती स्वच्छ दिसली पाहिजे. बाकी सगळं धूसर."

राज्य स्पर्धेच्या निवडीत त्यांना शेवटच्या छर्‍यावर आठ गुण पुरेसे होते. शेजारच्याच जागेवर माझे सगळे छर्रे मारून झाले होते. त्यांनी हात उचलला, श्वास धरला, चाप ओढला. त्यांच्या कार्डावर काहीच उमटलं नाही. माझ्या कार्डाच्या मधोमध मात्र एक नवं भोक पडलं.

"मॅडम, तुम्ही यांच्या कार्डावर मारलंत," पंच म्हणाले. "शून्य धरावं लागेल. निवड गेली."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही कार्डं पाहिली.

"पण दहाच आहे ना?"

"हो, दहा आहे."

"मग राहू दे. यांच्या कार्डावर एक तरी दहा हवं होतं."

दुसऱ्या दिवशी त्या सरावाला वेळेवर आल्या. चष्मा चढवण्याआधी त्यांनी आपल्या कार्डाचा नंबर मोठ्याने वाचला. मग माझ्या कार्डाचाही.