तुरीच्या काठीनं घोकलेलं फ्रेंच

बियाण्याची तूर आम्ही अजून काठीनंच बडवतो, मशीनमध्ये दाणा फुटतो. त्या वर्षी जळकोटच्या शेतात, ताडपत्रीवर तूर बडवता बडवताच मी फ्रेंच क्रियापदं घोकली. पुण्यात तोंडी परीक्षा होती. पास झाले तर तिथंच नोकरी, नापास झाले तर दादानं बघितलेला नवरा.

शब्दाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्याला एक तडाखा द्यायचा. पार्, ति, रे. 'मी जाईन' याचं ते रूप. आपण 'जा'ला 'ईन' चिकटवतो, तसं फ्रेंच माणूस अख्ख्या 'पार्तिर'ला शेवटी 'ए' चिकटवतो. पण बोलताना शब्द त्या सांध्यावर तुटत नाही. शेवटचा 'र' आपलं घर सोडतो आणि पुढच्या तुकड्यात जाऊन बसतो. मला त्या 'र'चा हेवा वाटायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दादा शेतात आला.

"उद्या पावनं येनार हायेत. कुठं न्हाय जायचं."

मी बडवतच राहिले. त्यानं वेणी धरून मला खाली पाडलं, धडा चालू असलेला मोबाइल दगडावर आपटला आणि माझ्या कुशीत लाथ घातली, मग तोंडावर. तोंडात भुसा आणि रक्त एकदमच आलं. आई शेजारी तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं, पण ती उठली नाही.

काठी माझ्या हातातच होती. मी उठले. पार्, खांद्यावर. ति, पाठीवर. रे, कोपरावर, आणि हाड मोडलेलं मला ऐकू आलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, दादाला शब्द आणि काठी दोन्ही बसले. मला तेव्हा दया आली नाही, आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठानं मी पुण्यात परीक्षेला बसले. परीक्षक बाईंनी 'पार्तिर'चा भविष्यकाळ विचारला, आणि रिकाम्या हाताला काही आठवेना. मग मी टेबलावर तीनदा मूठ आपटली. पार्, ति, रे. बाई दचकल्या, ओठाकडे बघत राहिल्या आणि उत्तर बरोबर आहे म्हणाल्या.

नोकरी लागली. मी परत गेले नाही. मागच्या वर्षी दादाचं लग्न झालं, तेव्हाही नाही. यंदा तुरीच्या दिवसांत आईचा फोन आला.

"बडवायला कुनी न्हाय बघ. तुझ्या दादाचा हात अजून वर व्हईना."

"मग वहिनीला बरं हाय," मी म्हणाले.

आई हळूच म्हणाली, "व्हय."