तिघांच्या हँगरमधला ओरखडा

गोंदियाजवळच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याचा एक हँगर आहे. तो आम्ही तिघांनी मिळून भाडेकरारावर घेतला होता. मी त्यांतला एक. एअरलाइनमधून कॅप्टन म्हणून निवृत्त झालो, दवनीवाड्याच्या घरी परत आलो आणि दोन माणसांचं एक जुनं विमान घेतलं. दुसरे एक राइस मिलवाले. त्यांचं चार सीटचं विमान धंद्याच्या कामाला नागपूर-रायपूर करायचं. तिसरी गोंदियातली एक डॉक्टर. पंचेचाळिशीची असेल. तिला उडवायला मी शिकवलेलं नव्हतं, पण लायसन्सच्या परीक्षेआधी तिनं माझ्याकडे बसून बराच अभ्यास केला होता, म्हणून ती मला सर म्हणायची.

तीन विमानं हँगरमध्ये बसायची खरी, पण एकमेकांत अडकून. दाराशी मिलवाल्यांचं, मधे डॉक्टरचं आणि मागच्या भिंतीला माझं. माझ्या विमानाचे पंख वर, कॉकपिटच्या छताच्या पातळीला. मला बाहेर पडायचं तर माझा डावा पंख डॉक्टरच्या विमानाच्या उभ्या शेपटीजवळून न्यावा लागे. मधे एक वीतभर जागा उरायची. म्हणून मी नियम केला होता की विमान हलवताना दोन माणसं पाहिजेतच. एकानं पुढच्या चाकाला दांडी लावून ओढायचं, दुसऱ्यानं पंखाच्या टोकाशी चालायचं. हा नियम मीच लाल रंगानं भिंतीवर लिहून घेतला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मिलवाल्यांच्या विमानाच्या चाकावरच्या कव्हराला पोचा आलेला दिसला. कुणी कबूल केलं नाही. आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो आणि मी बरंच बोललो. पोचा काय, ठोकून काढता येईल, पण ज्यानं केलं तो गप्प बसला याचं मला जास्त वाईट वाटतं, असा माणूस आपल्यात नको. डॉक्टर मान हलवत होती. मिलवाले आपल्या चाकाकडे पाहत होते. पोचा कुणी पाडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण तेव्हापासून हँगरमध्ये शिरल्यावर जो तो आधी आपल्या विमानाभोवती एक फेरी मारायचा. करार संपत आला होता. मिलवाले म्हणाले होते, “इस बार सोच के साइन करेंगे.”

माघ पौर्णिमेच्या सुमाराची गोष्ट आहे. आमच्या विमानांची देखभाल करणारा मेकॅनिक घरच्यांबरोबर कचारगडच्या यात्रेला गेला होता. मिलवाले विमान घेऊन रायपूरला. शनिवारी सकाळी मी हँगर उघडला तेव्हा आत कुणीच नव्हतं. आकाश स्वच्छ होतं, वारा पडलेला. तासाभरानं धावपट्टीवर शिकाऊ विमानांची गर्दी सुरू झाली असती. वॉचमनला हाक मारायची तर गेटपर्यंत चालत जावं लागणार होतं. मी दांडी लावली आणि एकट्यानंच ओढायला लागलो. आयुष्यभर विमानं हलवलीत, हे मनात होतं. खोटं कशाला बोलू.

टक् असा आवाज झाला. मोठा नव्हता. स्टीलच्या डब्यावर झाकण बसावं तेवढा.

मी दांडी सोडून मागे गेलो. माझ्या पंखाचं टोक डॉक्टरच्या विमानाच्या रडरला, म्हणजे शेपटीच्या उभ्या पात्याला मागे बिजागरीवर जोडलेल्या हलत्या भागाला, वरच्या टोकाशी लागलं होतं. विमानाचं नाक डावी-उजवीकडे फिरतं ते या रडरवर. त्याच्या पांढऱ्या रंगावर माझ्या पंखाचा निळा रंग लागला होता, बोटभर लांब. मी रडर हातानं दोन्हीकडे हलवून पाहिलं. मोकळं होतं. बिजागरीवरचं छोटं कव्हर उघडून पाहायला हवं होतं. मी ते उघडलं नाही. खिशातला रुमाल काढला आणि निळा डाग पुसला. तो सहज निघाला.

मग मी उडालोसुद्धा. वीस मिनिटांत परत आलो, विमान पुन्हा आत लावलं, या वेळी वॉचमनला पंखाशी उभं करून, आणि घरी गेलो. दिवसभर मी स्वतःला एकच गोष्ट समजावत होतो, की रंगच तर होता. पण रंगच होता तर पुसला कशाला? दिवाळीतलं माझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. करारावर सह्या व्हायला चार दिवस होते.

संध्याकाळी आमच्या तिघांच्या ग्रुपवर डॉक्टरचा मेसेज आला. “उद्या सकाळी बाबांना घेऊन सालेकशाकडे एक फेरी. पहिल्यांदाच बसणार आहेत.” मी उत्तर लिहायला घेतलं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. मग ठरवलं की सकाळी तिच्या आधी हँगरवर पोचायचं आणि तोंडानं सांगायचं.

रविवारी मी वेळेवर निघालो होतो. वाटेतल्या रेल्वे फाटकावर मालगाडी आडवी आली. संपेचना. ती गेली तरी फाटक उघडेना, दुसरीकडून आणखी एक गाडी यायची होती. माझ्या पुढे धानाचा ट्रक, बाजूला भाजीची पाटी बांधलेल्या स्कूटीवर एक बाई. मी डॉक्टरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तेवढ्यात आवाज आला. तिच्या विमानाचं इंजिन मी डोळे मिटून ओळखतो. पळसाच्या झाडांवरून ते वर चढत होतं, उन्हात पांढरं आणि अगदी छोटं.

मी मोटारीतून उतरलो. टॉवरचा नंबर माझ्याकडे होता, तो लावला. ड्यूटीवर एक तरुण कंट्रोलर होता, मला आवाजावरून ओळखणारा.

“आत्ता जे विमान निघालं,” मी म्हणालो, “त्याच्या रडरला मार लागलेला आहे. तिला परत बोलवा. रडर जोरात वापरू नको म्हणावं. लांबून सरळ येऊन उतरू दे.”

“सर, पुन्हा सांगा. मार कधी लागला? तिनं काही कळवलेलं नाही.”

“तिला माहीत नाही. काल माझ्या हातून लागला. मी तिला सांगितलं नाही.”

हे मी पहिल्यांदा उच्चारलं ते फाटकावर उभा राहून. स्कूटीवरची बाई माझ्याकडे वळून पाहत होती. कंट्रोलर म्हणाला, “ओके सर,” आणि त्यानं फोन ठेवला.

फाटक उघडलं. पुढचा रस्ता मी कसा कापला ते नीट आठवत नाही. हँगरपाशी पोचलो तेव्हा मिलवाले तिथे होते. आदल्या संध्याकाळी परतलेलं त्यांचं विमान ते वॉचमनला पंखाशी उभं करून आत घेत होते. धावपट्टीच्या कडेला आगीचा बंब येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “कॅप्टनसाहब, किसके लिए?”

मी सांगितलं. सगळं, रुमालासकट.

“आपने?” ते म्हणाले.

“हो.”

“और कल से बताया नहीं?”

“नाही.”

ते माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले.

उत्तरेकडून वारा सुटला होता, धावपट्टीला थोडा तिरपा. अशा वाऱ्यात उतरताना नाक सरळ ठेवायचं तर रडर लागतंच. लांबवर तिचं विमान दिसलं. ते खेकड्यासारखं तिरपं येत होतं, वाऱ्याकडे नाक करून, आणि शेवटच्या क्षणी तिला ते सरळ करावं लागणार होतं. पायाचा थोडा तरी दाब द्यावाच लागणार होता. ती केव्हा देईल आणि किती देईल, हे मोजत मी उभा होतो. माझे स्वतःचे पाय बुटात आखडले होते. विमान धावपट्टीवर आलं, एक पंख जरासा खाली गेला, वाऱ्याकडचं चाक आधी टेकलं. विमान उजवीकडे भरकटायला लागलं. मग दुसरं चाक टेकलं, मग पुढचं. ते सरळ झालं. पंख्याचा वेग कमी झाल्याचा आवाज आला तेव्हा मी खाली, जमिनीवरच बसलो.

हँगरसमोर येऊन इंजिन बंद झालं. आधी तिचे वडील उतरले. सत्तरी पार केलेले, पांढरं धोतर, हातात टोपी. मुलीनं लावलेले हेडफोन अजून गळ्यात होते. सालेकशाच्या बाजूचे धानाचे शेतकरी. त्यांच्या आजोबांनी गावात बोडी, म्हणजे पाणी साठवायचा लहान तलाव, खोदला होता आणि त्यांना तो वरून पाहायचा होता.

ते थेट माझ्याकडेच आले. “काऊन गा, इतक्यात कायले उतरवलं? आमची बोडी अजून आलीच नव्हती. पोरगी म्हणे, टॉवरवाले बोलावून राहिले. काय झालं होतं?”

“माझ्यामुळे उतरवलं,” मी म्हणालो. “काल मी विमान हलवताना तुमच्या मुलीच्या विमानाला धक्का लावला. तिला सांगितलं नव्हतं.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे मोडलं असतं का ते?”

“असतं कदाचित.”

“अन् तुमाले ठाऊक होतं?”

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी गळ्यातले हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि सावलीला जाऊन बसले. मला वाटतं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्या वेळी कुणी जवळ नव्हतं, एवढंच.

डॉक्टर शेपटीशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

मेकॅनिक दुपारी कचारगडहून आला, कपाळावर हळदीचा टिळा तसाच. त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं की रडर तपास. तो शिडी लावून वर चढला आणि आधी नुसतंच पाहत राहिला.

“साहेब,” तो वरूनच म्हणाला, “सारं विमान धुळीनं भरून आहे. येवढीच जागा चकचकीत काऊन?”

मिलवाले आणि डॉक्टर दोघंही तिथेच होते.

“मी पुसली,” मी म्हणालो.

त्यानं आणखी काही विचारलं नाही. छोटं कव्हर उघडलं, बॅटरी मारली आणि आरसा आत धरला. वरच्या बिजागरीच्या पट्टीला चीर गेली होती, नखाएवढी. अशी चीर किती टिकते, हे नक्की कुणी सांगू शकत नाही. दोन महिने टिकते किंवा त्याच दिवशी जाते. मला हे माहीत होतं. एअरलाइनच्या आधी इन्स्ट्रक्टर असताना मी मुलांना हे शिकवत असे.

त्याच दुपारी मी हवाई खात्याला रिपोर्ट लिहिला, हातानं, दोन पानांचा. डॉक्टरनं तो वाचला. दुसऱ्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, “इथे ‘किरकोळ’ लिहिलंय ते काढा.” मी काढलं.

कराराची बैठक मिलवाल्यांच्या ऑफिसात झाली. मी आधीच सांगून टाकलं की माझं विमान मी हलवतो, दुसरी सोय होईपर्यंत बाहेर बांधून ठेवतो, तुम्ही दोघं सह्या करा. मिलवाले डॉक्टरकडे पाहायला लागले.

ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत होती. मग म्हणाली, “सर, तुम्ही जावं असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. पण तुम्ही गेलात आणि पुढे कुणाच्या हातून काही झालं, तर त्याला काय दिसेल? जो बोलला त्याला घालवलं, एवढंच दिसेल. मी वर असताना खाली कुणी गप्प बसलेलं मला नको आहे.”

“तो फिर क्या करें?” मिलवाल्यांनी विचारलं.

“राहा,” ती मला म्हणाली. “पण तुमची हँगरची किल्ली मेकॅनिककडे द्या. आणि मी नसताना माझ्या विमानाला हात लावायचा नाही.”

“मंजूर,” मी म्हणालो.

मिलवाल्यांनी सही केली. माझ्यापुढे कागद सरकवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “दिवाली में आपने बहुत बोला था, कॅप्टनसाहब.” मी हो म्हणालो.

खात्यानं मला पुन्हा उडण्याआधी एका इन्स्ट्रक्टरबरोबर तपासणीची फेरी घ्यायला लावली. तो माझ्या मुलापेक्षा लहान होता. उड्डाणाआधीच्या तपासणीत मी रडरपाशी पोचलो तेव्हा तो म्हणाला, “सर, इथे काय पाहायचं असतं?” मी बिजागरी, पट्ट्या, कव्हर असं एकेक सांगत गेलो. त्यानं कागदावर खुणा केल्या. ती सकाळ मला सोपी गेली नाही, पण ती चुकवावी असं वाटलं नाही.

नवी पट्टी यायला महिना लागला. उन्हं तापायच्या आत डॉक्टर वडिलांना पुन्हा घेऊन गेली. मी त्या दिवशी हँगरच्या बाहेर होतो, दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. तिचे वडील उतरले तेव्हा मला लांबूनच हात करून घरी गेले.

आता माझं विमान दाराशी असतं, धुळीच्या तोंडाला, म्हणजे ते काढताना कुणाच्या जवळून जावं लागत नाही. मी आलो की मेकॅनिक किल्ली घेऊन येतो आणि पंखाशी उभा राहतो. डॉक्टर भेटते. हवामानाचं बोलतो, इंधनाचं बोलतो. ती अजून मला सर म्हणते. पूर्वी काही विचारलं की मी सांगेपर्यंत ती थांबायची. आता विचारते, माझं ऐकते आणि मग जाऊन स्वतः पाहते.